इथंच, जवळच

जानेवारीत आमचं वॉशिंग मशीन बंद पडलं. दुरुस्त करणारा माणूस पुढच्या गुरुवारशिवाय येणार नव्हता आणि लेकीच्या रविवारच्या मॅचचे चिखलानं माखलेले कपडे बादलीत वास मारायला लागले होते, म्हणून दोन पिशव्या भरून मी ऑक्सफर्ड रोडवरच्या एका लाँड्रेटमध्ये गेले. इंग्लंडमधल्या रेडिंग गावात राहून तेरा वर्षं झाली, पण नाणी टाकून कपडे धुण्याच्या अशा दुकानात मी पहिल्यांदाच पाऊल टाकत होते. बाहेर बारीक, न थांबणारा पाऊस. आत साबणाचा गोडसर वास, काचांवर साचलेली वाफ आणि ड्रायरची एकसुरी घरघर. त्यातल्या एका ड्रायरला पाठ लावून एक मुलगी बसली होती. अठराएक वर्षांची असेल. पायाशी मोठी काळी स्पोर्ट्स बॅग, आणि बॅगेच्या पट्ट्याला लेसनं एकमेकांना बांधलेले फुटबॉलचे बूट. तिच्या मागच्या ड्रायरमध्ये फक्त एक जर्सी आणि मोज्यांचा एक जोड फिरत होता. मशीन थांबलं. तिनं दार उघडून हात घातला, मोजे चाचपले, आणि दार लावून पुन्हा एक नाणं टाकलं. मला वाटलं, मोजे जाड असतील.

माझ्या पिशवीतली चिखलाची जर्सी बघून ती हसली, तिथून बोलणं सुरू झालं. ती मिडफील्डला खेळायची. माझी लेक डिफेन्सला खेळते म्हटल्यावर तिनं मान डोलावली, जणू घरातल्याच कुणाची चौकशी पुरी झाली. लेकीचे ओले बूट मी रेडिएटरवर ठेवते हे ऐकून मात्र तिला राहवलं नाही. तसं करू नका, कातडं तडकतं, आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, सकाळपर्यंत कोरडे होतात, असं तिनं मला अगदी मन लावून समजावलं. फुकट वाटायचं ते वर्तमानपत्र बाकावर पडलं होतं. तेही तिनं माझ्या पिशवीत टाकलं. मग मी आपलं सहज, बोलणं वाढवायचं म्हणून विचारलं, “घर जवळच का तुझं?” ती थांबली. फार नाही, श्वास आत घेऊन सोडायला लागतो तेवढाच वेळ. म्हणाली, “हो. इथंच, जवळच.”

नऊ वाजता दुकानातल्या माणसानं एकेक दिवा घालवायला सुरुवात केली. मी पिशव्या गाडीत टाकल्या. निघताना आरशात दिसलं, ती दुकानाच्या पुढ्यातल्या छपराखाली उभी होती. जॅकेटची चेन गळ्यापर्यंत ओढली, रस्त्याच्या या टोकाकडे बघितलं, मग त्या टोकाकडे बघितलं. घरी जाणारा माणूस असा दोन्हीकडे बघत नाही. सिग्नल हिरवा झाला आणि मी निघाले.

त्या रात्री बुटात वर्तमानपत्र कोंबताना माझे हात थांबले, कारण ते ‘इथंच, जवळच’ मी आधी ऐकलेलं होतं. शब्द वेगळे होते, पण आवाजातली ती किंचित फट तीच होती.

मी पाचवीत असताना दिवाळीला आक्का आली. बाबांची थोरली बहीण. कोल्हापूरला मंगळवार पेठेत आमचं दोन खोल्यांचं घर होतं. आक्काबरोबर एक हिरवी लोखंडी ट्रंक होती, ती आईच्या पलंगाखाली सरकवली गेली. भाऊबीज झाली, तुळशीचं लग्न झालं, शाळा सुरू झाल्या, आक्का होतीच. आईनं कपाटातला एक कप्पा रिकामा करून दिला, तो आक्कानं कधी वापरला नाही. रोज सकाळी ट्रंक ओढायची, लुगडं काढायचं, आदल्या दिवशीचं घडी करून आत ठेवायचं, ट्रंक परत पलंगाखाली. तो पत्र्याचा फरशीवर घासणारा आवाज हाच माझ्या लहानपणी उठायचा गजर. गल्लीतल्या बायका नळावर विचारायच्या, “काय आक्का, कवा आलीस?” ती म्हणायची, “चार दिस झालं. जाईन की आता.” ती नऊ वर्षं आमच्याकडे होती. सासरच्या घराबद्दल ती काही बोलली नाही आणि आमच्या घरात कुणी विचारलं नाही. तिचं नाव सासरच्या रेशनकार्डावर होतं, तिथून कुणी ते कापून आणलं नाही आणि आमच्या कार्डावर ते कधी चढलं नाही. म्हणजे आक्काच्या नावाची साखर शेवटपर्यंत त्या दुसऱ्या घरात शिजत राहिली. मोठी झाल्यावर मला कळलं की ‘चार दिस झालं’ हे ती कुणाला फसवायला म्हणत नव्हती. रोज तेवढं म्हटलं की दिवस ढकलता येत होता.

आणि ते उत्तर मला आठवलं त्याच्या मागोमाग फारा विल्यम्स आठवली. आठवणींचं हे असं का होतं सांगता येत नाही. कोल्हापूरच्या नळावरची बाई आणि इंग्लंडसाठी सगळ्यात जास्त सामने खेळलेली फुटबॉलपटू, यांना एकत्र बांधायला माझ्याकडे दोन वस्तू होत्या. एक ट्रंक आणि एक बॅग.

फाराला मी प्रत्यक्ष खेळताना पाहिलंय. २०१७ ते २०२१ अशी कारकिर्दीची शेवटची चार वर्षं ती आमच्या रेडिंगकडून खेळली. बायकांच्या टीमला तेव्हा स्वतःच्या गावात मैदान नव्हतं. सामने व्हायचे शेजारच्या हाय विकम्बमध्ये, ॲडम्स पार्कवर. कारखान्यांच्या शेडमधून जाणारा रस्ता जिथं संपतो तिथं ते मैदान आहे, एका अंगाला झाडीनं भरलेली टेकडी. लेक तेव्हा सात-आठ वर्षांची होती. गर्दी बेताची, त्यामुळे खेळाडूंचे एकमेकींना मारलेले हाकारे, बुटाच्या टोकाचा चेंडूवर बसणारा टपकन आवाज, सगळं बाकावर ऐकू यायचं. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर पेठेपेठेच्या तालमींचे सामने व्हायचे तेव्हा बाबा भावाला खांद्यावर बसवून न्यायचे, मला नाही. त्या आरोळ्या मी घराच्या गच्चीवरून ऐकल्यात. म्हणून असेल, पण मैदानाच्या इतक्या जवळ लेकीला मांडीवर घेऊन बसताना माझ्या पोटात काहीतरी हलायचं.

मधल्या फळीत एक बाई होती, बाकीच्यांपेक्षा वयानं मोठी, धावायची कमी. लेकीनं विचारलं, “आई, ती दमली का?” मी नीट बघू लागले. ती दमलेली नव्हती. चेंडू यायच्या आधीच ती मान वळवून मागचं सगळं बघून घ्यायची, चेंडू आला की एक स्पर्श, आणि पुढच्या क्षणी तो चाळीस-पन्नास यार्डांवर धावणाऱ्या मुलीच्या पावलासमोर उतरलेला. बाकी सगळ्या चेंडूमागे जात होत्या, हिच्याकडे चेंडू येत होता. हाताची बोटं सतत काहीतरी दाखवत असायची: तू तिथं, तू मागं, तू थांब. आपली जागा कुठं आणि दुसरीची जागा कुठं हे तिच्याइतकं पक्कं माहीत असलेलं माणूस मी मैदानावर दुसरं पाहिलेलं नाही. तिची हकीकत मी त्यानंतर वाचली, आणि वाचल्यावर ती बोटं पुन्हा पुन्हा डोळ्यांसमोर येत राहिली.

लंडनच्या बॅटरसी भागात १९८४ सालचा तिचा जन्म. वसाहतीतल्या मुलांबरोबर खेळत वाढली, बाराव्या वर्षी चेल्सीच्या मुलींमध्ये गेली, सतराव्या वर्षी चार्लटनकडे. २००१ च्या नोव्हेंबरमध्ये पोर्तुगालविरुद्ध इंग्लंडच्या मोठ्या संघातून पहिला सामना खेळली. आणि साधारण त्याच सुमाराला घरातल्या भांडणातून ती बाहेर पडली ती परत गेलीच नाही. त्यानंतर सहा-सात वर्षं तिला घर नव्हतं. बेघरांसाठीच्या हॉस्टेलमध्ये राहायची, एका ठिकाणची मुदत संपली की दुसरीकडे. आजूबाजूला नशेत असलेली, बिथरलेली माणसं. कुणी अंगचटीला येऊ नये म्हणून ती मुद्दाम वेड्यासारखे आवाज काढायची, म्हणजे लोक घाबरून लांब राहायचे, असं तिनं पुढे सांगितलं.

सतरा वर्षांची मुलगी. इंग्लंडची खेळाडू.

मला सगळ्यात छळतं ते हे की त्या काळात ती राष्ट्रीय संघाच्या शिबिरांना जात होती. कल्पना करा. आठवडाभर स्वच्छ पांढऱ्या चादरी, वेळेवर गरम जेवण, धुऊन इस्त्री करून मिळणारे कपडे, छातीवर इंग्लंडच्या संघाचे तीन सिंह. मग शेवटचा दिवस. सगळ्या मुली आपापल्या बॅगा उचलून घरी निघतात. कुणाची आई न्यायला आलेली, कुणाला आगगाडी पकडायची घाई. फाराही बॅग उचलते. तिला निरोप देताना कुणीतरी म्हणालंच असेल, चल, भेटू, नीट घरी जा. ती हो म्हणाली असेल. त्या बॅगेत बाकीच्यांच्या बॅगेत असायचं तेच होतं: बूट, मोजे, टॉवेल. फरक इतकाच की बाकीच्यांची बॅग म्हणजे त्यांच्या घरातली एक वस्तू होती. हिची बॅग तेवढीच होती. बरोबर खेळणाऱ्या बहुतेकींना बरीच वर्षं काही कळलं नाही. सगळ्यांना कळलं ते २०१४ मध्ये, तिनं स्वतः सांगितलं तेव्हा.

सांगता न येणं ही किती अंगमेहनतीची गोष्ट आहे, हे मी आक्काकडे बघून शिकले. घर नसणं एक, आणि घर आहे असं दाखवत राहणं दुसरं, आणि हे दुसरं काम चोवीस तासांचं असतं. आंघोळ केलेली दिसली पाहिजे, कपड्यांना दमट वास येता कामा नये, ‘काल रात्री टीव्हीवर काय बघितलंस’ या प्रश्नाला उत्तर हवं, वाढदिवसाला घरी बोलावण्याची वेळ आली की कारण तयार हवं. आक्का दर संक्रांतीला नळावरच्या बायकांना तिळगूळ द्यायची, पण ‘घरी या’ कधी म्हणायची नाही. फाराला मैदानावर मात्र यातलं काही लागत नव्हतं. तिथं पत्ता विचारत नाहीत. नव्वद मिनिटं जागा ठरलेली असते, पाठीवर आकडा असतो, आणि बाकीच्या दहा जणींना तुम्ही कुठं आहात ते माहीत असतं.

तिच्यावर लिहिताना लोक एक वाक्य हमखास लिहितात. हालअपेष्टांनी तिला पोलादासारखं कणखर केलं, म्हणून ती इथवर पोचली. मला हे वाक्य सहन होत नाही. हाल कुणाला चाळीस यार्डांचा पास शिकवत नाहीत. हॉस्टेलमध्ये रात्रभर एक डोळा उघडा ठेवून झोपलेली मुलगी सकाळच्या सरावाला जड पायांनीच येते. ती घडली ती हालांशी झुंजून, हालांमुळे नाही, आणि घडू शकली कारण दोघीतिघींनी ऐनवेळी एखादी साधी, उपयोगाची गोष्ट केली. इंग्लंडच्या तेव्हाच्या प्रशिक्षक होप पॉवेल यांना तिची परिस्थिती ठाऊक होती, आणि त्यांनी तिला संघाबाहेर पडू दिलं नाही. मो मार्ली या स्वतः इंग्लंडच्या माजी खेळाडू, एव्हर्टनच्या प्रशिक्षक. त्यांनी २००४ मध्ये तिला लिव्हरपूलला आपल्या क्लबमध्ये आणलं, आणि नुसतं खेळायला आणलं नाही तर मुलांना फुटबॉल शिकवण्याचं काम मिळवून द्यायला मदत केली. पगाराचं काम. महिन्याच्या महिन्याला येणारे पैसे, आणि त्यातून हळूहळू भाड्याची खोली. मार्ली यांनी तिला धीराची भाषणं दिली असतील, नसतील. नोकरीचं बघितलं, हे नक्की.

कारण फुटबॉल खेळून पोट भरायची सोयच नव्हती. १९२१ च्या डिसेंबरमध्ये इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशननं बायकांना आपल्या क्लबांच्या मैदानांवर खेळायला बंदी केली आणि ती जवळपास पन्नास वर्षं चालली. त्या अर्धशतकाची उपासमार पुढच्या कितीतरी पिढ्यांच्या ताटात उतरली. देशाच्या संघातल्या सतरा जणींना असोसिएशननं पहिल्यांदा करार दिले ते २००९ मध्ये, वर्षाला १६ हजार पौंडांचे. म्हणजे फाराची बेघरपणाची वर्षं संपली त्यानंतर. महिलांची सुपर लीग सुरू झाली २०११ मध्ये. याच काळात पुरुषांच्या खेळात एकेका आठवड्याचा पगार केवढा होता हे इथं सांगायची गरज नाही.

एव्हर्टनमध्ये ती आठ वर्षं राहिली. २०१० मध्ये त्यांनी आर्सेनलला हरवून एफए कप जिंकला. मग शहर तेच ठेवून ती निळ्या जर्सीतून लाल जर्सीत, लिव्हरपूल क्लबकडे गेली, आणि २०१३, २०१४ अशी दोन वर्षं लागोपाठ लीग जिंकली. दुसऱ्या वर्षी तर शेवटच्या दिवशी तीन टीम शर्यतीत होत्या, लिव्हरपूल आणि चेल्सीचे गुण सारखे झाले आणि विजेतेपद गोलफरकावर ठरलं. मधे थोडा काळ आर्सेनल, मग रेडिंग. इंग्लंडसाठी १७२ सामने. बायका आणि पुरुष दोन्ही धरून हा देशाचा विक्रम आहे. पुरुषांमधला विक्रम पीटर शिल्टनचा, १२५ सामन्यांचा, हे मी नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो पेपर बाजूला ठेवून बसून राहिला. एकशे बहात्तर वेळा ती बॅग भरली गेली आणि एकशे बहात्तर वेळा परत आली. त्यातल्या सुरुवातीच्या कितीतरी वेळा परत म्हणजे कुठं, हा प्रश्न आकड्यात दिसत नाही.

२०१५ चा कॅनडातला वर्ल्ड कप मी सगळा बघितला होता. तेव्हा तिची गोष्ट मला माहीत नव्हती. इंग्लंडसाठी पेनल्टी घ्यायची ती. गटात कोलंबियाविरुद्ध एक मारली, उपांत्य सामन्यात जपानविरुद्ध बरोबरी साधणारी दुसरी. त्या जपानच्या सामन्यात अगदी शेवटच्या मिनिटांत लॉरा बॅसेटच्या पायाला लागून चेंडू स्वतःच्याच गोलात गेला आणि इंग्लंड हरलं. बॅसेटचा तो चेहरा ज्यांनी पाहिला ते विसरले नसतील. आणि तीनच दिवसांनी, ४ जुलैला, त्याच एडमंटनच्या मैदानावर तिसऱ्या क्रमांकासाठी समोर कोण, तर जर्मनी. वीस वेळा खेळून इंग्लंडच्या बायका ज्यांच्याशी एकदाही जिंकल्या नव्हत्या. नव्वद मिनिटं शून्य-शून्य. जादा वेळेत, १०८ व्या मिनिटाला, पेनल्टी मिळाली.

आमच्याकडे रात्र झाली होती, लेक सोफ्यावर झोपलेली. फारानं चेंडू ठेवला. समोर नादीन आंगेरर, जर्मनीची पोलादी गोलकीपर, आणि तो तिचा शेवटचा सामना. मला आठवतं ते फाराचं मागं चालत जाणं. घाई नाही, इकडंतिकडं बघणं नाही. आमच्या गल्लीत गणपतीच्या वेळी मूर्ती उचलणारे जाणते लोक असेच चालायचे, ओझं माहीत असलेल्या माणसासारखे. मग तीन-चार पावलं, आणि चेंडू जाळ्यात. एका वर्ल्ड कपमधली तिची तिसरी पेनल्टी. मी तोंडावर हात दाबून ओरडले. आज तो प्रसंग आठवला की वाटतं, ज्या मुलीनं किशोरवयात अनोळखी लोकांच्या खोलीत दिवा मालवल्यावर श्वास रोखून पडून राहायची सवय केली, तिला अकरा मीटरची ती शांतता काय वाटली असेल? आणि लगेच मला माझ्याच विचाराचा राग येतो, कारण मीही तिच्या दुःखातून तिची पेनल्टी उकलून काढायला बघते आहे. तिनं पेनल्टीचा सराव केला होता. हजारो वेळा केला असेल. तेवढं पुरेसं आहे.

लिव्हरपूलमध्ये बस्तान बसल्यावर आईशी तुटलेलं बोलणं पुढे जुळलं. आणि स्वतःची गोष्ट सांगायच्या आधीपासूनच ती बेघर मुलींना फुटबॉल शिकवायला जात होती. त्या कामासाठी आणि खेळासाठी २०१६ मध्ये तिला एमबीई हा ब्रिटनचा सरकारी सन्मान मिळाला. बेघरांच्या फुटबॉलचा एक वर्ल्ड कप असतो, २००३ पासून, पहिला ऑस्ट्रियात ग्रात्सला झाला. हे मला नागपूरच्या एका मैत्रिणीमुळे आधीपासून ठाऊक होतं, कारण त्या स्पर्धेत भारताची टीम जाते ती विजय बारसे सरांनी नागपुरात २००१ मध्ये उभ्या केलेल्या झोपडपट्टी फुटबॉलमधून. पावसात पोरं फुटकी बादली लाथाडत खेळताना सरांना दिसली आणि त्यांनी त्यांना चेंडू दिला. २००१. बॅटरसीची एक मुलगी बॅग घेऊन घराबाहेर पडली तेच हे वर्ष. दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही, पण मला त्या शेजारी ठेवाव्याशा वाटतात.

शेवट तिला हवा तसा मिळाला नाही. २०२०-२१ च्या मोसमात तिच्या मूत्रपिंडानं दगा दिला, नेफ्रोटिक सिंड्रोम. शरीरातली प्रथिनं लघवीवाटे निसटत राहतात, अंग सुजतं, माणूस थकून जातो. सदतिसाव्या वर्षी, त्या मोसमाअखेर तिनं थांबायचं ठरवलं. रेडिंगची बायकांची टीम तोवर गावातल्या मोठ्या स्टेडियमवर खेळायला आली होती. अखेर आपल्या गावात, पण करोनामुळे खुर्च्या रिकाम्या. आमच्या घरापासून ते स्टेडियम गाडीनं बारा मिनिटांवर. मला जाता आलं नाही, कुणालाच जाता आलं नाही. वीस वर्षं खेळलेल्या बाईला उभं राहून टाळ्या वाजवायला माणसं नव्हती. पुढच्याच वर्षी, २०२२ च्या जुलैअखेर, इंग्लंडच्या बायकांनी वेम्ब्लीवर ८७ हजार लोकांसमोर जर्मनीला हरवून युरो कप जिंकला. लेक आणि मी हुंदके देऊन रडलो. त्या रात्री रस्त्यावर गाड्यांचे हॉर्न वाजत होते आणि मला मधेच ॲडम्स पार्कवरची ती टेकडी आणि बोटांनी जागा दाखवणारी बाई आठवत होती. तिची जागा जिंकलेल्या टीमच्या फोटोत नव्हती.

रेडिंगच्या टीमचं पुढे काय झालं ते इथं राहणाऱ्यांनाच माहीत असेल. २०२३ मध्ये सुपर लीगमधून खाली घसरली, आणि २०२४ च्या उन्हाळ्यात क्लबच्या आर्थिक अडचणींमुळे दुसऱ्या श्रेणीतूनही माघार घेऊन थेट पाचव्या श्रेणीत गेली. पगारी खेळाडू गेल्या. ज्या मुली लेकीसारख्या त्या टीमचे रुमाल गळ्यात बांधून मोठ्या होत होत्या, त्यांना शाळेत कुणीतरी विचारायचं, तुमची टीम कुठं गेली? लेक म्हणायची, “आहे की. इथंच आहे.”

मशीन केव्हाच दुरुस्त झालं. तरी त्यानंतरच्या सहा-सात गुरुवारी संध्याकाळी मी एक चादर, दोन टॉवेल घेऊन त्या लाँड्रेटमध्ये गेले. नवऱ्याला सांगितलं, जाड कपडे तिथं चांगले निघतात. ती पुन्हा दिसली नाही. कदाचित ती खरंच मागच्या गल्लीत राहत असेल, तिच्याही घरचं मशीन त्या आठवड्यात बिघडलं असेल, आणि त्या रात्री ती फक्त बसची वाट बघत दोन्हीकडे नजर टाकत असेल. हे मी स्वतःला पुष्कळदा सांगून पाहिलं. एकदा दुकानातल्या माणसाला विचारलं, ती बूटवाली मुलगी येते का हो? तो म्हणाला, कोणती, इथं पुष्कळ येतात, थंडीत तर ड्रायरपाशीच बसतात, मी नऊपर्यंत काही म्हणत नाही. मग त्यानं जरा थांबून, मोपवर हात टेकून सांगितलं की कधी कधी साडेनऊपर्यंतही काही म्हणत नाही.

मागच्या गुरुवारी पाऊस होता. तिच्या त्या खुर्चीवर मी बसले. पाठीला काचेची ऊब लागत होती, आत माझी एकटी चादर फिरत होती. बाकावर फुकट वाटायचं वर्तमानपत्र पडलेलं होतं. मशीन थांबलं. चादर कोरडी झाली होती, मी चाचपून बघितली. नऊला वीस मिनिटं होती. मी पर्समधून नाणं काढलं आणि ड्रायर पुन्हा सुरू केला.